क्वार्ट्झ स्फटिक संवेदक आणि द्रवांचे परीक्षण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

सारांश : द्रवाच्या संपर्कात कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची वारंवारता त्या द्रवाच्या घनतेनुसार व विष्यंदितेनुसार बदलते. प्रस्तुत लेखात या संवेदकाचे तत्त्व स्पष्ट करून चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मोहाचे तेल, मद्य व भूजल यांच्या परीक्षणासाठी तो कितपत उपयुक्त ठरतो, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : क्वार्ट्झ, दाबविद्युत, विष्यंदिता, मोह, फ्लोराइड.

प्रस्तावना :
द्रवाची विष्यंदिता, म्हणजेच त्याचा घट्टपणा, मोजण्यासाठी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत केशनलिकेचा उपयोग केला जातो. त्या पद्धतीला वेळ व पुरेसा नमुना लागतो. क्वार्ट्झ संवेदकाला मात्र काही थेंब पुरतात आणि उत्तर विद्युत संकेताच्या रूपात तत्काळ मिळते.

तत्त्व :
जॅक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम शोधला. स्फटिकावर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो. उलट विद्युतदाब दिल्यास स्फटिक विरूप होतो. विशिष्ट कोनात कापलेल्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना धातूचे विद्युतअग्र बसवून प्रत्यावर्ती दाब दिला, की तिचे पृष्ठभाग एकमेकांना समांतर मागेपुढे सरकतात. ५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या चकतीची जाडी सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर असते. १९५९ मध्ये झाउअरब्राय यांनी, चकतीवर बसलेल्या पातळ व दृढ थराचे वस्तुमान आणि वारंवारतेतील घट यांचे समप्रमाण दाखवून दिले.

चकती द्रवात बुडवल्यास कंपन थांबेल, असा पूर्वी समज होता. १९८० च्या दशकात तो दूर झाला. कानाझावा व गॉर्डन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, वारंवारतेतील घट द्रवाची घनता व विष्यंदिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. चकतीबरोबर द्रवाचा अत्यंत पातळ थरच हालतो. पाण्यात ५ मेगाहर्ट्झला कंपनाचा प्रवेश सुमारे पाव मायक्रोमीटर एवढाच असतो. चकतीची एक बाजू २० अंश सेल्सिअसच्या पाण्याला लागली असता वारंवारता सुमारे ७१५ हर्ट्झने घटते.

उपयोजन :
मोहाच्या बियांपासून, म्हणजे टोळंबीपासून, निघणाऱ्या तेलाचे जैवडिझेल करता येते. ४० अंशांना कच्च्या तेलाची गतिज विष्यंदिता सुमारे २५, तर जैवडिझेलची ४ ते ५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असते. सूत्रानुसार पहिल्यासाठी सुमारे ३,२०० आणि दुसऱ्यासाठी सुमारे १,२०० ते १,४०० हर्ट्झ घट अपेक्षित आहे. एवढा फरक सहज नोंदवता येत असल्याने अभिक्रिया कोठवर आली, हे तिच्या चालू अवस्थेतच पाहता येईल. घनता विशिष्ट गुरुत्व कुपीने स्वतंत्रपणे काढल्यास विष्यंदिता वेगळी करता येते.

मर्यादा :
संवेदक द्रवाचा गुणधर्म सांगतो, द्रवाची ओळख सांगत नाही. अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणाची विष्यंदिता वजनी सुमारे ४० ते ४५ टक्के अल्कोहोलला सर्वाधिक, म्हणजे पाण्याच्या अडीच ते तीन पट होते आणि पुढे पुन्हा घटते. परिणामी दोन भिन्न तीव्रतांना एकच वाचन मिळू शकते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. अवैध मद्यातील विषारी मिथेनॉल केवळ या वाचनावरून ओळखता येणार नाही.

भूजलाबाबत अधिक सावधगिरी हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते व त्यामुळे दात आणि हाडे यांचे विकार उद्भवतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. एवढ्या फ्लोराइडने वारंवारतेत एका हर्ट्झच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. उलट पाण्याचे तापमान एका अंशाने बदलल्यास सुमारे ७ हर्ट्झचा फरक पडतो. चंद्रपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांना पाण्यासाठीची घट सुमारे ५५० हर्ट्झवर येते. म्हणून तापमान नियंत्रित न करता घेतलेली वाचने निरर्थक ठरतात. फ्लोराइडसाठी निवडक इलेक्ट्रोड किंवा रंगमापन पद्धतच वापरावी. चकतीवर विशिष्ट आयन धरून ठेवणारा लेप दिल्यास निवडकता येऊ शकते. परंतु तो लेपाचा गुण होय, स्फटिकाचा नव्हे.

निष्कर्ष :
तेल, वंगण व जैवइंधन यांच्या परीक्षणासाठी क्वार्ट्झ संवेदक उपयुक्त आहे. पाणी पिण्यायोग्य असल्याचा निर्वाळा मात्र त्याच्या आधारे देता येत नाही. तसा निर्वाळा चुकल्यास त्याची किंमत गावाला मोजावी लागेल. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हा प्रयोग हाती घेतल्यास, उपकरणाच्या क्षमतेबरोबर त्याची मर्यादाही विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.