लेकीच्या देशी सहा महिने : औषधांइतकाच महत्त्वाचा दिनक्रम

नवरात्र संपत आले की माझ्या दवाखान्यात एक विनंती हमखास ऐकू येते. "डॉक्टर, लेकीकडे निघालो आहोत. गोळ्या लिहून द्या." सांगलीतील आमच्या भागात, ज्या घरातील कोणी परदेशी नाही, असे घर आता क्वचितच सापडते. मीही रक्तदाब पाहतो, साखरेचा अहवाल चाळतो, चिठ्ठी लिहितो आणि शुभेच्छा देऊन निरोप देतो. आपले काम येथे संपले, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. एका फोनने ती बदलली.

माझे एक जुने रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत, वय ७२. पत्नी चार वर्षांनी लहान. दोघांना मी काका-काकू म्हणतो. मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ते ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे गेले. मुक्काम साडेतीन महिन्यांचा ठरला होता. तेवढ्याच गोळ्या मी लिहून दिल्या होत्या. पुढे मुलीची रजा संपली, बाळ लहान, म्हणून परतीचे तिकीट पुढे ढकलले गेले.

फेब्रुवारीतील एका सकाळी नऊच्या सुमारास काकांचा फोन आला. तेथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. "डॉक्टर, छातीत जळजळतेय, थोडा घामही आला. कोणती गोळी घेऊ?" मी विचारले, "मुलीला सांगितलेत का?" ते म्हणाले, "ती दिवसभराची दमून आत्ताच झोपली आहे. आणि इथे रुग्णालयात जायचे म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मी म्हटले, "काका, गोळीचे नंतर बोलू. फोन मुलीच्या हातात द्या, आत्ता."

मुलीने ९११ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलावली. सुदैवाने हृदयविकाराचा झटका नव्हता. मात्र रक्तदाब २०० च्या वर गेला होता. रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडले. त्यानंतर दोन गोष्टी उघड झाल्या. गोळ्या संपत आल्या म्हणून काका तीन आठवडे रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होते. आणि छातीतील त्रास त्यांना त्याआधीही दोनदा झाला होता. पण "तिच्यावर आणखी ओझे नको" म्हणून ते गप्प राहिले होते.

या प्रकरणात माझीही चूक होती. मुक्काम लांबला तर काय करायचे, हे मी विचारले नव्हते. चिठ्ठीवर औषधांची केवळ व्यापारी नावे लिहिली होती. आणि तेथे तुमचा दिवस कसा जाणार, हा प्रश्न तर माझ्या मनातही आला नव्हता.

एका घरातील दोन दिवस

एप्रिलमध्ये परतल्यावर दोघे माझ्याकडे तासभर बसले. त्या तासात जे ऐकले, ते अनेक घरांना लागू पडेल.

काकूंचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई. बाळाचे मालिश, अंघोळ, मुलीसाठी डिंकाचे लाडू, पाच माणसांचा स्वयंपाक, मोठ्या नातवाचा डबा. वजन चार किलोंनी उतरले, गुडघे सुजले. आठ-आठ दिवस त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. काकांच्या वाट्याला मात्र कोणतेच काम नव्हते. सांगलीत सकाळी कृष्णाकाठी फेरी, गणपतीचे दर्शन, वर्तमानपत्र, वाचनालय, बँकेचे काम, भाजी, संध्याकाळी भेटायला येणारे जुने विद्यार्थी असा त्यांचा भरगच्च दिवस असतो. तेथे मोटार चालवता येत नाही आणि मोटारीवाचून कोठे जाता येत नाही. शेजारी सज्जन, पण दारे बंद. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. दुपारी झोप, मग रात्री जागरण, आणि रात्रभर हातात फोन.

काकू म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दिवसभर एका छताखाली असून इतके कमी कधी बोललो नव्हतो. मला वेळ नव्हता आणि ह्यांना विषय नव्हता."

एकाच घरात एकाला अतिश्रमाने आणि दुसऱ्याला रिकामेपणाने आजार जडत होता. हालचाल थांबली की साखर वाढते, बद्धकोष्ठता होते, झोप तुटते. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उतारवयातील नैराश्य नेहमी रडण्याच्या रूपाने दिसत नाही. भूक मंदावणे, अंग दुखणे, पोटाच्या सततच्या तक्रारी, विसराळूपणा, चिडचिड अशा वेषांत ते येते. हवा मानवत नाही, असे म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

थंडी, अंधार आणि स्नानगृह

परदेशातील थंडीचे भय सर्वांनाच असते. प्रत्यक्षात घरातील उष्णतायंत्रामुळे आत थंडी वाजत नाही. परंतु हवा अत्यंत कोरडी होते. त्वचेला खाज सुटते, नाकातून क्वचित रक्त येते, आणि तहान न लागल्याने पाणी कमी प्यायले जाते. कोमट पाण्याचे भांडे सतत जवळ असावे, आणि अंघोळीनंतर लगेच तेल किंवा मलम लावावे.

खरा धोका घसरून पडण्याचा. थंडीत रस्त्यावर बर्फाचा पारदर्शक थर साचतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पकड असलेले रबरी तळव्यांचे बूट घ्यावेत, हात खिशात न घालता लहान पावले टाकत चालावे. घरातही सावध राहावे. तेथील स्नानगृहात जमिनीवर पाणी वाहून जाण्याची सोय बहुधा नसते; उंच कडेच्या टबात पाय उचलून उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही जागा अवघड आहे. टबात न घसरणारी चटई, भिंतीला पक्की बसवलेली धरण्याची दांडी आणि आत बसण्यासाठी प्लॅस्टिकचे स्टूल, या तीन वस्तू आई-वडील येण्यापूर्वीच आणाव्यात. जिन्यात रात्रभर मंद दिवा असावा.

त्या अक्षांशावर हिवाळ्यातील कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. निघण्यापूर्वी त्याची पातळी तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. इन्फ्लुएन्झाची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीविषयीही विचारावे. तरीही सकाळच्या उजेडात अर्धा तास बसणे सोडू नये. त्याने झोपेचे घड्याळ जागेवर येते.

आपला दिवस आपण आखावा

त्या रात्रीनंतर मुलीने आई-वडिलांना जवळ बसवून एक वेळापत्रक तयार केले. माझ्या मते कोणत्याही गोळीपेक्षा त्याचा गुण अधिक आला.

मोठ्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे आणि आणणे हे काम काकांकडे आले. तेथे मराठी मुलांसाठी आठवड्याच्या सुटीत मराठी शाळा भरतात. नातवाचा त्या शाळेचा अभ्यास घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. ज्याने छत्तीस वर्षे वर्गात काढली, त्याला खडू पुन्हा हाती आल्यासारखे वाटले. बर्फ असेल त्या दिवशी जावई कामावर जाताना दोघांना मॉलमध्ये सोडी. अमेरिकेत अनेक मॉल दुकाने उघडण्यापूर्वी चालणाऱ्यांसाठी दारे उघडतात. ऊबदार, सपाट जागा आणि बसायला बाके. परतताना शेजारच्या मराठी कुटुंबाची मोटार असे.

सार्वजनिक ग्रंथालय ही तेथील आणखी एक मोठी सोय. आत बसून वाचण्यास पैसे पडत नाहीत आणि कोणी हटकत नाही. एडिसन आणि शेजारचे आयसेलिन यांमधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांग आहे. भाजी निवडण्याचा आनंद काकांना तेथे परत मिळाला. ब्रिजवॉटर येथील बालाजी मंदिरात महिन्यातून एकदा जाणे होऊ लागले. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे. आपल्या गावातील स्थानिक मंडळ कोणते, हे मुलांना पोहोचण्यापूर्वीच विचारून ठेवावे. समवयस्क माणसे तेथेच भेटतात.

काकूंसाठी उलट उपाय करावा लागला. दुपारी दोन तास त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही आणि शनिवारचा स्वयंपाक जावयाने करायचा, असे ठरले. चार वाजता दोघांनी एकत्र चहा घ्यायचा आणि हवा बरी असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचे. "तो अर्धा तास आमचा होता," काकू म्हणाल्या.

औषधे, विमा आणि आणीबाणी

काही व्यावहारिक गोष्टी आता मी प्रत्येक जोडप्याला सांगतो.

चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत. आपल्याकडील पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, सिल्निडिपिन यांसारखी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काही औषधे तेथे मिळतच नाहीत. आपल्या अनेक संयुक्त गोळ्याही मिळत नाहीत. म्हणून साठा मुक्कामापेक्षा जास्त न्यावा, मूळ वेष्टनात न्यावा, सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र ठेवावे. किती साठा नेता येतो, याचे त्या देशाचे नियम आधी पाहावेत. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या विमानात हातातल्या पिशवीत असाव्यात. गोळी एक दिवसाआड घेऊन साठा पुरवणे धोक्याचे आहे, हे काकांच्या अनुभवावरून ध्यानी यावे.

साखरेचे आकडे अमेरिकेत आपल्यासारखेच असतात. कॅनडा, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात एकक वेगळे. तेथील आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. तेथील ७ म्हणजे आपले १२६.

ज्येष्ठांसाठीची तेथील सरकारी आरोग्य योजना पाहुण्यांना लागू नसते, म्हणून प्रवासी विमा अत्यावश्यक. मात्र आधीपासूनच्या आजारांना त्यात बहुधा संरक्षण नसते किंवा मर्यादित असते. ते कलम मुलांनी स्वतः वाचावे आणि आई-वडिलांना समजावून सांगावे. बिलाच्या भीतीने कोणीही आणीबाणीत घरी बसू नये. १९८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार, अपघात विभागात आलेल्या रुग्णाची पैशांचा विचार न करता तपासणी करणे आणि प्रकृती स्थिर करणे तेथील जवळजवळ सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. बिल नंतर येते, पण ते फेडायला माणूस हवा.

छातीवर दाब, घाम, दम लागणे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अचानक बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे; यांपैकी काहीही झाले तर भारतातील डॉक्टरांना फोन करण्यात वेळ घालवू नये. मधुमेहींमध्ये केवळ धाप किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते. घराचा पत्ता, ९११ हा क्रमांक आणि औषधांची यादी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावावी.

मुलांसाठी दोन शब्द

"आई, बाबा, काही त्रास नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर नेहमी "नाही" असेच येते, कारण प्रश्नातच ते दडलेले असते. त्याऐवजी गोळ्यांची डबी पाहावी. रात्री झोप लागली का, आज कोणाशी बोललात, असे विचारावे. पैशांबद्दल मोकळेपणाने सांगावे. विमा काय देतो, आपण काय देऊ शकतो. आई-वडील खर्चाचा अंदाज स्वतः बांधतात आणि तो बहुधा वास्तवापेक्षा भयंकर असतो. मग ते दुखणे लपवतात.

काका-काकू गेल्या वर्षी पुन्हा गेले, या वेळी जूनमध्ये. निघण्यापूर्वी माझ्याकडे आले, तेव्हा काकांच्या हातात कागद होता. त्यावर प्रथम तेथील दिनक्रम लिहिला होता, कोणाची कोणती कामे आणि दोघांच्या चहाची वेळ. खाली औषधांची मूळ नावे होती. मी चिठ्ठी लिहायला घेतली तसे ते म्हणाले, "डॉक्टर, मुक्काम सहा महिन्यांचा आहे. तुम्ही सात महिन्यांच्या लिहा."