यंत्र जागे होते, वही जागी होत नाही

लाईट जाऊन परत आल्यावर कचेरीतला संगणक व्यवस्थित सुरू होतो, पडद्यावर चित्र उमटते, घड्याळही बरोबर वेळ दाखवते, आणि तरीही ज्या कामासाठी तो घेतला ते काम मात्र होत नाही, हा अनुभव या सभागृहातील पुष्कळांनी घेतला असेल. मोंढ्यातील अडत्याच्या पट्ट्या, पतसंस्थेची खाती, दवाखान्यातील रुग्णांची नोंद, शाळेची फी, या सर्वांच्या मागे आज एक अदृश्य कारकून बसलेला असतो. त्याला डेटाबेस म्हणतात. पडद्यावर आपण पाहतो तो दिवाणखाना. हा कारकून आतल्या खोलीत वह्या सांभाळतो, आणि मागितले की पान काढून देतो. तो सकाळी कामावर आलाच नाही, तर दिवाणखान्याचा काही उपयोग नाही. असा कारकून का येत नाही आणि अशा वेळी काय पाहावे, हे आम्ही आमच्या युनियनच्या कचेरीत घडलेल्या एका प्रकारावरून सांगणार आहोत.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगारापासून लोखंडी सळई करणारे कारखाने आहेत, हे येथे सांगावयास नको. भट्टीवर आणि मिलवर राबणारे पुष्कळ हात ठेकेदारांचे असतात. ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो, आणि त्याच्या हजेरीचा कागद मात्र जुन्या ठेकेदाराबरोबर निघून जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात वर्षाला २४० दिवसांच्या कामाचा हिशेब घातला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका निकालात म्हटले की, २४० दिवस भरले हे दाखविण्याचा भार कामगारावर आहे, आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. मस्टर मालकाजवळ आणि पुराव्याचा भार मजुरावर! म्हणून आम्ही आमची स्वतःची हजेरी ठेवू लागलो. पाळी सुटल्यावर दर खात्यातला एक माणूस चिठ्ठी आणून देतो, आणि ती संगणकात चढते. आतल्या खोलीत बसणारा आमचा कारकून म्हणजे मारियाडीबी नावाचा डेटाबेस.

या नावाची हकीकत गमतीची आहे. १९९५ साली स्वीडनमध्ये मायएसक्यूएल हा डेटाबेस निघाला. त्याचे एक कर्ते मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचे 'माय' हे नाव त्यास दिले. २००८ मध्ये तो सन या कंपनीने विकत घेतला, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. हे होणार असे दिसताच विडेनियस व काही सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याच सार्वजनिक मजकुरावरून वेगळी चूल मांडली, आणि तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले. मालक बदलला म्हणून कारागीर आपली हत्यारे घेऊन बाहेर पडले, ही गोष्ट आम्हांला आवडली नाही तरच नवल. पण ते असो.

मे महिन्यात एका रविवारी रात्री वळवाचे वादळ आले आणि लाईट गेली. सोमवारी अकरा वाजता काढून टाकलेल्या काही कामगारांच्या अर्जाची तारीख होती, आणि त्यांच्या तीन वर्षांच्या हजेरीच्या याद्या आम्हांला दाखल करावयाच्या होत्या. साडेआठला कचेरी उघडली. संगणक सुरू होता. हजेरी मात्र उघडेना. "डेटाबेसशी संपर्क होत नाही" एवढीच एक ओळ. दुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटे पाहून निर्णय दिला की सगळे पुसून नव्याने बसवावे लागेल. बाकावर बसलेल्या एका भट्टीवाल्या कामगाराने आम्हांला विचारले, "भाऊ, पुसलं तर आमचे दिवस बी पुसले जातील का?" प्रश्न अगदी बरोबर होता. कारकून आला नाही म्हणून कोणी वह्या जाळत नाही.

पहिला नियम येथेच सांगून टाकतो. डेटाबेस उठत नसेल तेव्हा आधी त्याच्या सामग्रीच्या फोल्डरला हात लावू नये, आणि लावायचाच झाला तर त्याची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन मग लावावा. अनेकजण घाईत 'ही जुनी लॉगची फाईल नडते आहे' म्हणून ती उडवतात. ती अडगळ नसते. अचानक लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करायचे की रद्द करायचे, हे डेटाबेस त्याच फाईलवरून ठरवतो. तसेच जबरदस्तीने उठविण्याची एक कळ असते. तिला १ ते ६ असे आकडे आहेत, आणि ४ पासून पुढे सामग्री कायमची बिघडू शकते असे तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आमच्या ओळखीचा एक मुलगा पुण्याला नोकरीस आहे. ही व्यवस्था मूळ त्यानेच बसवून दिली होती. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, पुसू नका. आधी हातानं सुरू करून बघा." त्याने सांगितलेली आज्ञा आम्ही टंकली, आणि दोन सेकंदांत हजेरी उघडली! याद्या छापल्या, अकराच्या आत पोहोचलो. त्या अर्जाचा निकाल अजून लागावयाचा आहे.

परंतु हाताने सुरू केल्यावर बिनतक्रार उठणारी वस्तू आपोआप का उठली नाही, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. आमचे आयुष्य 'मशीन बंद का पडले' याच्या चौकश्यांत गेले आहे, आणि दर वेळी दोष प्रथम कामगारावर टाकला जातो हे आम्ही पाहिले आहे. विचार केला तर या एका गोष्टीवरून बरेच कळते. सामग्री बिघडलेली असती, डिस्क भरलेली असती, फाईलींची मालकी चुकीची असती, तर हातानेही तो उठला नसता. म्हणजे कारकून धडधाकट आहे, वह्या शाबूत आहेत. फरक एवढाच की पहाटे त्याला उठवले तेव्हा भोवतालची एखादी गोष्ट तयार नव्हती, आणि साडेआठपर्यंत ती तयार झाली होती.

आता संगणक सुरू होताना काय होते ते पाहू. लिनक्स पद्धतीच्या यंत्रांत पूर्वी सर्व सेवा क्रमांकाने, एकामागून एक उठत. दहा नंबरचा उठल्याखेरीज वीस नंबरचा उठत नसे. सारेच रांगेत असल्याने वेळ फार जाई. २०१० साली लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी नावाचा नवा मुकादम आणला. हा मुकादम ज्यांचे एकमेकांवर अडत नाही अशांना एकदम उठवतो, आणि अडते तेथे 'अमक्याच्या नंतर' असे त्या सेवेच्या पत्रकात लिहिलेले असेल तरच थांबतो. या बदलावरून जगभर मोठे वाद झाले, पण २०१५ पर्यंत डेबियन व उबुंटू या दोन्ही मोठ्या घराण्यांनी तो स्वीकारला. मुकादम हुशार आहे. परंतु पत्रकात लिहिले नाही ते तो ओळखत नाही.

भट्टीवर काम केलेल्यांना हे चटकन समजेल. इंडक्शन भट्टीची तांब्याची कॉईल आतून पाण्याने थंड ठेवावी लागते. पंप चालू होऊन पाण्याचा दाब आल्याशिवाय पॅनेल वीजच घेत नाही, नाहीतर कॉईल वितळेल. तेथे क्रम यंत्रातच बांधलेला आहे. 'पंपाचे बटण दाबले' आणि 'कॉईलमध्ये पाणी पोहोचले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भट्टीवाला पहिल्या आठवड्यात शिकतो. आमचा घोटाळा नेमका याच फरकात होता.

तो कसा सापडला? मुकादमाजवळ रोजनिशी असते, आणि ती वाचण्याची आज्ञा जर्नलसीटीएल. तिच्यापुढे 'बी' हे अक्षर घातले की याच खेपेला यंत्र सुरू झाल्यापासूनच्या नोंदी मिळतात, आणि 'यू' घालून सेवेचे नाव दिले की फक्त तिच्या. त्याआधी सिस्टमसीटीएल या आज्ञेने एवढे पाहून घ्यावे की सेवा आपोआप उठण्याच्या यादीत आहे की नाही. पुष्कळदा ती यादीतच नसते आणि लोक उगाच रात्र जागवतात. आमची यादीत होती. उठण्याचा प्रयत्न झाला होता आणि फसला होता. रोजनिशीत ९९ हा आकडा होता, आणि मजकुराचा अर्थ असा की मागितलेला पत्ता देता येत नाही. त्याच्या खालीच आणखी एक ओळ: ३३०६ या दारावर दुसरा डेटाबेस आधीच चालू आहे काय? या दुसऱ्या ओळीने आम्हांला पूर्ण एक संध्याकाळ फिरवले. दुसरा कोणी दारावर बसला असता तर आकडा ९८ असता. ९९ चा अर्थ निराळा: ज्या घराच्या दारावर बसायचे ते घरच अजून नाही.

आमच्या कचेरीत तीन संगणक. हजेरी एकावर, आणि बाकीचे दोन राउटरमार्फत त्याच्याशी बोलतात. म्हणून डेटाबेसला सांगितलेले होते की राउटरने दिलेल्या अमुक पत्त्यावरच कान दे. लाईट आली की राउटर आणि संगणक एकदमच सुरू होत. राउटरला पत्ते वाटावयास दोन मिनिटे लागत. पूर्वी संगणकात जुनी फिरती डिस्क होती. ती इतकी रेंगाळे की तोवर राउटर तयार असे. मार्चमध्ये आम्ही वर्गणी काढून नवी वेगवान डिस्क बसवली. आता संगणक अर्ध्या मिनिटात तयार, आणि पत्त्याचा पत्ता नाही! सर्वांनी नव्या डिस्कला शिव्या दिल्या. तिचा अपराध एवढाच की ती वेळेवर आली. पत्रकात 'नेटवर्कनंतर' असे लिहिलेले होते खरे, पण त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा उठल्यानंतर. पत्ता मिळाल्यानंतर असा नव्हे. पंपाचे बटण दाबले, पाणी आले नव्हते. शिवाय डेटाबेस मध्येच मारला गेला तर मुकादम त्याला पुन्हा उठवतो, पण स्वतः कारण सांगून बाहेर पडला तर उठवत नाही, असा त्या पत्रकातला नियम. म्हणून तो सकाळपर्यंत तसाच पडून राहिला.

उपाय करताना आम्ही एकदा फसलो. पत्रकाला जोडपत्र लावले: 'नेटवर्क प्रत्यक्ष आल्यानंतर'. (मूळ पत्रक बदलू नये, पुढच्या सुधारणेत ते पुसले जाते. जोडपत्र वेगळे राहते.) नुसते 'नंतर' म्हटल्याने ती वाट पाहणारी सेवा बोलावली जातेच असे नाही, म्हणून 'हवी' अशी दुसरी ओळही लागते. दोन्ही घातल्या. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. वाट पाहणाऱ्यालाही मुदत असते. राउटरने मुदतीपेक्षा जास्त वेळ घेतला की तो हात टेकतो, आणि मुकादम डेटाबेसला तसाच पुढे ढकलतो. अखेर डेटाबेसला एकाच पत्त्यावर अडून न राहता यंत्राच्या सर्व पत्त्यांवर कान देण्यास सांगितले. त्यासाठी चार शून्यांचा एक पत्ता असतो, आणि तो नेहमीच हजर असतो. अर्थात असे केले की दार रुंद होते. म्हणून राउटरवर आमच्या यंत्रांचे पत्ते कायमचे ठरवून दिले, आणि त्या दोघांखेरीज कोणास आत घेऊ नये असा पहारा बसवला. ज्यांचा डेटाबेस एकाच संगणकापुरता आहे त्यांना यातले काहीच लागत नाही.

प्रत्येकाचे कारण हेच असेल असे मात्र नाही. वह्या वेगळ्या डिस्कवर असतील आणि ती डिस्क जोडली जाण्याआधी कारकून उठला, तर त्याला रिकामे कपाट दिसते. काही ठिकाणची व्यवस्था कपाट रिकामे दिसताच नव्या कोऱ्या वह्या मांडते. मालक पाहतो तर डेटाबेस चालू आणि आत एकही नोंद नाही. अशा वेळी घाबरून त्यात नवे लिहू नये; बंद करून डिस्क जोडावी, जुने बहुधा जागच्या जागी असते. लाईट गेल्यानंतरची दुरुस्ती लांबली तरी उठण्यास वेळ लागतो. मुकादम सहसा ९० सेकंद थांबतो आणि मग सेवेला मारतो. तेथे मुदत वाढवून द्यावी. आणि मुकादमाला बगल देऊन मुख्य अधिकाराने डेटाबेस थेट कधी चालवू नये. त्याने केलेल्या फाईलींची मालकी बदलते, आणि दुसऱ्या दिवशी कारकुनाला स्वतःच्याच वह्या उघडता येत नाहीत.

झालेली दुरुस्ती खरी की खोटी हे संगणक नीट बंद करून चालू केल्याने कळत नाही, कारण तेव्हा राउटर चालूच असतो. म्हणून हजेरीची नक्कल काढून घेतली आणि मेन स्विच खाली ओढला. पाच मिनिटांनी वर केला; हजेरी उघडली. पुन्हा ओढला, पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी खालच्या चहावाल्याचा पंखाही त्याच स्विचवर असल्याचे कळले, आणि तो जिना चढून वर आला.