घरी आलेला छोटा घोडा

अमेरिकेत एखाद्या कुटुंबात पहिला मिनिएचर घोडा येतो, तेव्हा मुलं आधी त्याच्या गळ्यातच पडतात. आयाळ जिथे संपते तिथे मोजलेली त्याची उंची 34 इंचांपेक्षा जास्त नसावी, असा 1978 साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचा नियम आहे. म्हणजे जेवणाच्या टेबलाहून थोडासाच उंच!

तरीही तो पुरता घोडाच. त्याला दिवाणखाना नको. कुंपणातली मोकळी जागा, ऊन-पावसाला आडोसा आणि सोबत दुसरा घोडा हवा. कळपातला हा प्राणी एकटा पडला की झुरतो.

खरा धोका लाडांचा. हिरव्यागार कुरणात दिवसभर मोकाट चरू दिलं, वर चंदीही चारली, तर तो झपाट्यानं लठ्ठ होतो आणि खुरांच्या आतल्या भागाला सूज येते. हा लॅमिनायटिस अतिशय वेदनादायी असतो. घोडा कायमचा अधूही होऊ शकतो. म्हणून मुख्य आहार सुकं गवत, तेही तोलून. लठ्ठ घोड्याला उपाशी ठेवणं मात्र त्याहून घातक. शरीरातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. त्यानं खाणं सोडलं, तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावं.

खूर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी कापावे लागतात. लहान जबड्यात दातांची दाटी होते, त्यामुळे दरवर्षी दाततपासणीही हवी.

पाठीवर फार तर अगदी लहान मूल बसवावं. हलकी गाडी मात्र तो हौसेनं ओढतो, आणि नीट सांभाळला तर 25 ते 30 वर्षं जगतो.