काचेच्या टाकीतले मासे: विकत घेण्यापूर्वी ओळखावेत कसे?

आपल्या स्मरणिकेत शिक्षण, चळवळ आणि धम्म या विषयांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या पंक्तीत माशांवरचा लेख पाहून काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु माजी विद्यार्थ्यांनीच भेट दिलेली काचेची टाकी वसतिगृहाच्या दर्शनी दालनात आली, तेव्हापासून पालकभेटीच्या प्रत्येक रविवारी आम्हांला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हा मासा कोणता, आणि असाच घरी नेला तर जगेल का? इतिहासाच्या शिक्षकाला हे का विचारावे, ते आम्हांला कळत नाही. बहुधा टाकीला लागून असलेला वर्ग आमचा आहे म्हणून.

उत्तर देण्याची पात्रता आम्ही एका चुकीतून मिळवली, ती आधी सांगितली पाहिजे. टाकी आली त्या वर्षी दुकानदाराने इतर माशांबरोबर बोटाएवढा एक काळपट, खरखरीत मासा दिला. तो काचेला तोंड लावून शेवाळ खातो, टाकी साफ राहते, असे त्याने सांगितले. दोन वर्षांत तो मासा हातभर वाढला. टाकीत त्याला वळता येईना. तेव्हा मुलांनी सुचवले की, वैशाख पौर्णिमेला याला कृष्णेत सोडून जीवदान द्यावे. सूचना आम्हांला फार आवडली. त्रिशरण-पंचशील घेऊन घाटावर मुलांच्या हस्ते तो मासा सोडला, छायाचित्रही काढले. पुढे एका विद्यार्थ्याच्या वडिलांना, जे भोई समाजातले असून पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासेमारी करतात, आम्ही ते छायाचित्र कौतुकाने दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, हा जाळ्यात आला की जाळं कापावं लागतं. खायला कोणी घेत नाही. तुम्ही सोडलात व्हय?"

तो सकर मासा होता. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. अंगावर हाडांची ढालीसारखी कवचे, परांना ताठ काटे, आणि पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वरची हवा गिळून जगण्याची ताकद. नदीकाठाच्या मातीत तो बिळे करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. उजनीच्या जलाशयातले मच्छीमारही याच माशाने हैराण आहेत. हौसेने पाळलेला आणि मोठा झाल्यावर दयेपोटी पाण्यात सोडलेला मासा गरिबाच्या पोटावर पाय देतो, हे आम्हांला पुस्तकातून नव्हे, पालकाच्या तोंडून कळले.

शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर त्याच कुळातला एक लहान मासा मिळतो. त्याला ब्रिसलनोज म्हणतात. तो वितीपलीकडे सहसा जात नाही. दुकानात दोघांची पिल्ले शेजारी-शेजारी असतात आणि पुष्कळदा दोघांनाही सकरच म्हटले जाते. नराच्या नाकावर फुटणाऱ्या मांसल मिशांवरून ब्रिसलनोज ओळखावा असे सांगतात, परंतु पिल्लांना त्या नसतात, म्हणून ही खूण खरेदीच्या वेळी निरुपयोगी. खरी खूण पाठीवरच्या परात आहे. मासा काचेला चिकटून पर उभारतो तेव्हा पुढचा जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजाव्यात. सातच्या आसपास भरल्या तर ब्रिसलनोज. दहाच्या पुढे, बहुधा अकरा ते तेरा भरल्या आणि पर शिडासारखा उंच दिसला, तर तो हातभर वाढणारा सकर. मोजायला धीर लागतो. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आता गोल्डफिशकडे वळू, कारण पालकांचे निम्मे प्रश्न त्याच्याबद्दलचे असतात, आणि खरे सांगायचे तर आमच्यातला इतिहासाचा शिक्षक येथेच रमतो. सोनेरी मासा ही बौद्ध जगाची देणगी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. चीनमध्ये विहारांच्या आवारात जीवदानाचे तलाव असत. पकडलेले प्राणी विकत घेऊन उपासक तेथे सोडत. त्या देशात करड्या-हिरवट रंगाचा, आपल्या कार्पच्या कुळातला एक साधा मासा होता. त्याच्यात क्वचित एखादे पिवळे-तांबडे पिल्लू जन्मास येई. नदीत असे पिल्लू लांबून दिसते, म्हणून बगळा त्याला प्रथम टिपतो. विहाराच्या तलावात मात्र त्याला अभय मिळाले, आणि ते वाढले. सोंग राजवटीत (इ.स. ९६० ते १२७९) हे मासे हेतुपूर्वक पाळले जाऊ लागले. मिंग काळात (१३६८ ते १६४४) ते घरातल्या भांड्यांत आले. तलावात ज्यांचा निभाव लागला नसता अशा दुहेरी शेपटीच्या, बटबटीत डोळ्यांच्या माशांची निवड तेथून पुढे शक्य झाली. नंतर जपानी लोकांनी त्यात भर घातली, आणि सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला.

म्हणजे दुकानात दिसणारे ओरंडा, रान्चू, र्‍यूकिन, कॉमेट हे सगळे एकाच प्रजातीचे. माणसाने निवड करून घडवलेले ते वाण आहेत. सांगलीच्या एका दुकानात "ही उंची जात आहे" असे सांगून आमच्यापुढे चौपट भावाचा मासा ठेवण्यात आला, तेव्हा आम्हांला हसू आवरले नाही. या सर्वांचा एकमेकांशी संकर होतो, आणि मोकळ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या सोडले तर त्यांची संतती पुन्हा त्याच करड्या-हिरवट मूळ रूपाकडे वळते. आम्ही वर्गात माशांसाठीही 'जात' हा शब्द वापरत नाही. प्रजाती आणि वाण या दोन शब्दांनी काम भागते, आणि मुलांच्या मनात निसर्गातला भेद व माणसाने लादलेला भेद यांची गल्लत होत नाही.

वाण ओळखताना प्रथम शेपूट पाहावी. एकेरी शेपटीचे साधा गोल्डफिश, कॉमेट आणि शुबुन्किन हे चपळ असतात आणि फूटभर वाढू शकतात. त्यांना तलाव किंवा हौदच बरा. कॉमेटची शेपूट लांब आणि खोल दुभंगलेली. शुबुन्किनच्या अंगावर निळसर, काळे, तांबडे ठिपके विखुरलेले. दुहेरी शेपटीचे, अंडाकृती शरीराचे वाण सावकाश पोहतात. त्यांना कॉमेटबरोबर ठेवले तर खाद्य तळाशी पोहोचेपर्यंत कॉमेट सर्व फस्त करतो आणि हे उपाशी राहतात. आमच्या टाकीत पहिल्या वर्षी हेच झाले.

दुहेरी शेपटीवाल्यांत दुसरी खूण पाठीची. पाठीवर पर असेल आणि डोक्यामागून एकदम उंचवटा चढत असेल तर र्‍यूकिन. उंचवटा नसेल तर फॅनटेल. पर आहे आणि डोक्यावर रास्पबेरीसारखा मांसल टोप आहे, तो ओरंडा. टोप आहे पण पाठीवर परच नाही, तो लायनहेड किंवा रान्चू. या दोघांत फरक पाठीच्या रेषेचा: लायनहेडची पाठ बरीचशी सरळ, रान्चूची पाठ कमानीसारखी वाकून शेपटीजवळ एकदम खाली उतरते. घोटाळा होतो तो पिल्लांत. टोप वाढायला बरेच महिने लागतात. त्यामुळे लहान ओरंडा आणि फॅनटेल जवळजवळ सारखेच दिसतात. अशा वेळी वरून पाहावे. ओरंडाचे डोके रुंद, चौकोनी वाटते. तरीही खात्री पटत नसेल तर ओरंडाचा भाव देऊ नये. 'ओरंडा' हे नाव जपानी भाषेतले असून त्याचा अर्थ हॉलंड. परदेशातून आलेली नवलाची वस्तू डच म्हणून ओळखली जाई, त्यातून हे नाव पडले. हॉलंडशी या माशाचा संबंध नाही.

कोई आणि गोल्डफिश यांतील फरक मात्र एका नजरेत कळतो. कोईच्या ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला मुळीच नसतात. कोई म्हणजे आपल्याकडच्या तलावांतून 'सायप्रिनस' म्हणून विकायला येणाऱ्या माशाचाच रंगीत वाण. तो दोन फुटांपर्यंत वाढतो. घरच्या टाकीसाठी तो घेऊच नये.

निऑन आणि कार्डिनल टेट्रा या इवल्या माशांत लाल पट्टा पाहावा. पोटाच्या मध्यापासून मागेच लाल असेल तर निऑन, डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल असेल तर कार्डिनल. दोघांनाही मऊ पाणी मानवते, कार्डिनलला अधिक. जत-आटपाडीकडच्या बोअरचे क्षारयुक्त पाणी त्यांना सोसत नाही. तिकडच्या पालकांनी गप्पी किंवा गोल्डफिश घ्यावेत. एकाच आकाराचे मासे गुलाबी, हिरवे, जांभळे अशा भडक रंगांत एकत्र पोहत असतील तर तो रंग सुईने किंवा रसायनाने चढवलेला असण्याचा दाट संभव. तो काही महिन्यांत उतरतो, आणि मासाही पुष्कळदा दगावतो.

गप्पीवरून आणखी एक. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी वाटतो, हे गावोगाव ठाऊक आहे. त्याच कामासाठी गम्बुशिया नावाचा उत्तर अमेरिकेतला मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. दोघांच्या माद्या करड्या आणि दिसायला सारख्या. गम्बुशियाच्या शेपटीवर व पाठीच्या परावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. गप्पीच्या मादीचे पर स्वच्छ असतात. फरक महत्त्वाचा, कारण गम्बुशिया बेडकांची पिल्ले आणि इतर माशांचे पर कुरतडतो. त्याला गप्पींच्या टाकीत ठेवले तर नर गप्पींच्या झुपकेदार शेपट्या आठवड्यात नाहीशा होतात.

शेवटी आपल्याच नदीचा एक मासा. झेब्रा लोच या नावाने तो दुकानात येतो, आणि बहुतेक गिऱ्हाईक त्याला परदेशी समजते. वास्तविक तो सह्याद्रीचा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि कृष्णा-कोयनेच्या वरच्या खोऱ्यातल्या स्वच्छ, खडकाळ पाण्यात तो आढळतो. आज तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे, आणि बाजारात येणारे मासे बव्हंशी नदीतूनच पकडलेले असतात. अंगभर तिरप्या, बारीक, दाट रेषा ही त्याची खूण. बंगाल लोचचे काळे पट्टे रुंद आणि सात-आठच असतात. यो-यो लोचच्या अंगावर इंग्रजी वाय आणि ओ या अक्षरांसारखी नक्षी. क्लाउन लोच नारिंगी, त्यावर तीनच काळे पट्टे, आणि तो फूटभर वाढतो. झेब्रा लोच ओळखायचा तो विकत न घेण्यासाठी. आमच्या मुलांना तो पाटणजवळच्या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात दगडाखालून डोकावताना एकदा दिसला, आणि त्या दिवशी वहीत काढलेली त्याची चित्रे आजही वर्गात लावलेली आहेत.

सध्या शाळेच्या टाकीत तीन फॅनटेल आहेत आणि एक ब्रिसलनोज. त्याच्या काड्या सातवीच्या मुलांनी दुकानातच तीनदा मोजल्या. कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी मासा टाकीपेक्षा मोठा झाला असेल तर त्याने तो नदी, विहीर किंवा ओढ्यात सोडू नये. दुकानदार बहुधा परत घेतात. न घेतल्यास शाळेच्या आवारातला सिमेंटचा हौद रिकामा आहे. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही तेथेच असतो.