पेट्झव्हाल भिंग : सुटे करणे व स्वच्छता

प्रस्तावना : व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोझेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये व्यक्तिचित्रणासाठी भिंगाची रचना केली, फॉइग्टलेंडर यांनी ते घडविले. सुमारे एफ/३.६ इतक्या मोठ्या छिद्रामुळे डगेरोटाइपसाठी लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. अशा पितळी भिंगाची स्वच्छता म्हणजे ऐतिहासिक पुराव्याची जपणूक होय.

रचना : यात चार काचा असतात. पुढील जोडीतील क्राउन व फ्लिंट काचा कॅनडा बाल्समने चिकटविलेल्या असतात. मागील दोन काचा सुट्या असून त्यांच्यामध्ये अंतर राखणारे कडे असते.

कार्यपद्धती : दोन्ही भाग आट्यांवरून हातानेच फिरवून काढावेत, पक्कड लावल्यास पातळ पितळ दबून वाकडे होते. मागील काचा काढताना प्रत्येकीचा क्रम व दिशा कागदावर रेखाटून ठेवावी, कारण एखादी काच उलटी बसल्यास प्रतिमा अस्पष्ट होते. काचेच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक आढळल्यास तो पुसू नये. काचा मूळच्याच असल्याचा तो पुरावा असतो. धूळ प्रथम मऊ कुंचल्याने झटकावी, कारण कोरड्या धुळीवर कापड फिरविल्यास काचेवर ओरखडे उठतात. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेला कापूस वापरावा. चिकटविलेली जोडी द्रावकात बुडवू नये; बाल्सम विरघळून ती सुटते.

निष्कर्ष : पितळेला पॉलिश लावल्यास लाखेचा मूळ लेप जातो व कोरलेली अक्षरे झिजतात. जे पूर्ववत करता येत नाही ते काढू नये, हेच या कामाचे मूलतत्त्व ठरते.