एक यंत्र की दोन? जुन्या कॅसेटींचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला, की अनेक घरांत काळ्या व्हिडिओ कॅसेटींचा एक गठ्ठा हाती लागतो. त्यांच्या पाठीवर निळ्या शाईने लिहिलेले असते : ‘थोरल्याचे लग्न’, ‘आजींचे वर्षीतपाचे पारणे’, ‘पंचकल्याणक महोत्सव’, ‘नव्या पेढीचे उद्घाटन’, ‘श्रवणबेळगोळ १९९३’. त्या वर्षीच्या बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकाला सारे कुटुंब गेले होते. त्यांतील निम्मी माणसे आज नाहीत. त्यांचे चालणे, बोलणे, हसणे कोठे उरले असेल तर ते या फितींवर. परंतु कॅसेट चालविणारे यंत्र केव्हाच भंगारात गेलेले असते. मग नवे यंत्र शोधताना प्रश्न उभा राहतो : कॅसेट आणि डी.व्ही.डी. दोन्ही चालविणारे एकत्रित यंत्र घ्यावे, की दोन्हींसाठी स्वतंत्र यंत्रे ठेवावीत?

प्रश्न लहान दिसतो. पण चुकीच्या उत्तराची किंमत मोठी आहे. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, गुंडाळलेली फीत यंत्राने चावली तर आजींचे पारणे पुन्हा होत नाही.

व्ही.एच.एस. पद्धतीची कॅसेट जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्ही.सी.आर. घराघरांत पोहोचला. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डी.व्ही.डी. विक्रीस आली. पुढची काही वर्षे संक्रमणाची होती. जुन्या कॅसेटी टाकवत नव्हत्या आणि नव्या तबकड्यांचा मोह सुटत नव्हता. अशा ग्राहकांसाठी कंपन्यांनी दोन्ही सोयी एकाच पेटीत बसविल्या. पुढे मागणी आटत गेली आणि फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्ही.सी.आर.चे उत्पादन थांबविले. म्हणून आज हा सारा व्यवहार वापरलेल्या मालाचा आहे, आणि वापरलेला माल पारखूनच घ्यावा लागतो.

एकत्रित यंत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जागा कमी लागते, वीजजोडणी एक, रिमोट एक. घरातील वडीलधाऱ्यांना दोन यंत्रांच्या वायरींचा गुंता सोडवावा लागत नाही. खरेदीच्या दिवशी ते स्वस्तही वाटते.

दोष मात्र नंतर कळतात. कॅसेटचा भाग आणि तबकडीचा भाग यांची झीज सारखी होत नाही. कॅसेटच्या भागात फीत बाहेर ओढली जाते आणि सेकंदाला पंचवीस फेरे घेणाऱ्या दंडगोलाभोवती लपेटली जाते. त्यात रबरी चाके, पट्टे, दाते असे कितीतरी हलणारे भाग असतात. रबर कडक होते, हेडवर मळ साचतो. तबकडी वाचणारी किरणयंत्रणा निराळी, तिचा बिघाडही निराळा. एक भाग रुसला तरी अख्खी पेटी दुरुस्तीला जाते आणि चांगला चाललेला भागही तिच्यासोबत दुकानात अडकून पडतो. दोन भिन्न प्रकृतीच्या धंद्यांचे भांडवल एकाच खात्यात ठेवल्यावर एकाच्या तोट्याने दुसऱ्याची उलाढाल थांबते, तसेच हे.

दुसरा धोका गैरसमजाचा. एकत्रित यंत्र म्हणजे कॅसेटची नक्कल आपोआप तबकडीवर उतरविणारे यंत्र, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक यंत्रे दोन्ही माध्यमे केवळ दाखवितात. तबकडीवर लिहिणारी यंत्रे वेगळी. त्यांवर ‘रेकॉर्डर’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तेथेही हिशेब पाहावा लागतो. ४.७ जीबीच्या एका तबकडीवर चांगल्या प्रतीचे चित्रण साधारण दोन तास मावते, तर आपल्याकडील नेहमीची ई-१८० कॅसेट तीन तासांची असते. म्हणजे एका कॅसेटीला दोन तबकड्या, नाहीतर चित्राच्या प्रतीत तडजोड.

तिसरा धोका परदेशी यंत्राचा. अमेरिकेतील नातलग प्रेमाने आपल्याकडचे एकत्रित यंत्र पाठवितात. परंतु तेथील पद्धत एन.टी.एस.सी., आपली पाल. तेथील वीज ११० ते १२० व्होल्ट, आपली २३०. तबकड्यांच्या विभागणीतही अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या. भारतात चित्रित झालेली कॅसेट केवळ एन.टी.एस.सी.साठी बनविलेल्या यंत्रात धड दिसत नाही. ‘पाल’ हा शब्द यंत्रामागील पट्टीवर वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

म्हणून कॅसेटींची संख्या हाच निर्णयाचा आधार मानावा. दहा-पंधरा कॅसेटी असतील, तर कोणतेही यंत्र विकत घेण्यापेक्षा विश्वासू स्टुडिओत समोर बसून त्यांचे संगणकीय रूपांतर करून घेणे किफायतशीर. एकदाच लागणाऱ्या वस्तूचा संग्रह कशासाठी? संख्या मोठी असेल, तर सुस्थितीतील स्वतंत्र व्ही.सी.आर. घ्यावा, संगणकाला जोडण्याचे रूपांतर-उपकरण घ्यावे आणि तबकड्यांसाठी साधा वेगळा प्लेअर ठेवावा. ज्यांच्याकडे कॅसेटी मोजक्या आहेत, पण त्या अधूनमधून पाहण्याची हौस आहे, अशा लहान घरातच एकत्रित यंत्र शोभते.

यंत्र कोणतेही असो, पहिली कसोटी बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर घ्यावी. ती पुढे-मागे नीट फिरते का, फितीला सुरकुती पडते का, आवाज थरथरतो का, हे पाहावे. कॅसेटीच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी समजावी. पावसाळी हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली, तर हेडमार्फत बुरशी दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. ती जाणकाराकडेच साफ करून घ्यावी. पाठीच्या कडेचा लहान चौकोनी तुकडा तोडला, की चुकून त्यावर दुसरे चित्रण होण्याची भीती राहत नाही. रूपांतर झाल्यावर दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

जैन समाजाला हे शिकविण्याची खरे तर गरज नाही. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला शास्त्रभांडारातील पोथ्या बाहेर काढून, पुसून, पुन्हा वेष्टनात बांधण्याची परंपरा आपलीच. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके राहिलेला धवला ग्रंथ ताडपत्रांवरून नकलून घेतला गेला, म्हणूनच १९३९ पासून तो अमरावतीहून छापून अभ्यासकांच्या हाती येऊ शकला. घरातील कॅसेट म्हणजे शास्त्र नव्हे. पण जपणुकीचा नियम तोच. मूळ वस्तू कधीतरी जीर्ण होणार, म्हणून ती वाचता येते तोवर नक्कल करावी.

एक यंत्र की दोन, याचा निर्णय आठ दिवसांत घेता येतो. फीत मात्र निर्णयाची वाट पाहत थांबत नाही. प्रत्येक पावसाळ्यागणिक ती थोडी थोडी विरत जाते. या दिवाळीत गठ्ठा हाती आला, तर तो पुसून पुन्हा वरच्या कप्प्यात ठेवू नये. प्रथम कॅसेटींची यादी करावी आणि ज्या कॅसेटीत घरातील सर्वांत वडील माणसाचा आवाज आहे, तिच्यापासून आरंभ करावा.