ऊसतोड मजुरांमधील दीर्घकालीन वेदना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. मूळ इजा भरून आल्यानंतरही ती राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०२२ पासून लागू) तिला स्वतंत्र स्थान आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड मजुरांना या व्याधीचा धोका मोठा असतो.

श्रमाचे स्वरूप

भूम, वाशी, कळंब आदी तालुक्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने फेडायची असते आणि मजुरी टनावर मिळते. ऊस बुडख्याशी तोडण्यासाठी तासन्‌तास कमरेत वाकावे लागते. नंतर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक वा ट्रॉलीत चढवाव्या लागतात. एकेका मोळीचे वजन ३०-४० किलो भरते. कंबर, मान, खांदे व गुडघे यांवर येणारा हा ताण हंगामामागून हंगाम चालू राहतो.

दुखण्याचे संदेश सतत येत राहिल्यास मज्जारज्जू व मेंदू अधिक संवेदनशील होतात आणि साधी हालचालही दुखू लागते. क्ष-किरण चित्रात मात्र पुष्कळदा विशेष काही आढळत नाही. त्यामुळे अशा रुग्णाकडे कामचुकार म्हणून पाहिले जाते, जे शास्त्रदृष्ट्या निराधार आहे.

उपचार आणि खाडा

उपचारांचा हेतू वेदना समूळ घालवण्यापेक्षा ती असतानाही दैनंदिन व्यवहार चालू ठेवणे हा असतो. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, पुरेशी झोप, मोजकी औषधे आणि दुखणे वाढण्यापूर्वीच थांबून विश्रांती घेणे ही त्याची मुख्य अंगे होत. यांतील शेवटचे अंग सांगायला सोपे. पण ते पाळण्यासाठी स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा लागतो. तोडीवर एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो: मजुरी बुडते, शिवाय दंडही कापला जातो. मग वेदनाशामक गोळ्या घेऊन काम रेटले जाते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. उन्हात, अपुऱ्या पाण्यावर राबणाऱ्यांना हा धोका अधिक.

स्त्रियांच्या बाबतीत ओटीपोटाच्या दुखण्याची आणखी भर पडते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,००० हून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाली असल्याचे आढळले. ओटीपोटातील वेदनेचे मूळ स्नायूंत, सांध्यांत वा मज्जातंतूंत असल्यास गर्भाशय काढूनही ती शमत नाही. अंडाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती अकाली येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदनेचा स्वतंत्र उल्लेख नाही.